साफ आवाज

बाहीला मागून असा हिसका बसला की सर दोन पावलं मागे भेलकांडले, आणि ते जिथे उभे होते त्या जागेवरून मालाची एक व्हॅन उलटी येत आरामात निघून गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि तो काहीतरी बोलत होता. त्याच्या तोंडाकडे बघता ते आशीर्वाद नव्हते एवढं नक्की. सरांना आधी राग आला तो व्हॅनचा नाही, हिसक्याचा. आज मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याची शिवण खांद्यापाशी उसवली होती. वळून बघतात तर पाना. शाळेच्या रोबो टीममधली दहावीतली मुलगी. तिच्या हातात सदा न कदा पाना असायचा म्हणून पोरांनी तिचं नावच पाना ठेवलं होतं. पाना जन्मापासून बहिरी. व्हॅनचा हॉर्न वाजत होता हे सरांना आत्ता कळलं, आणि तेही ऐकून नाही. स्पर्धेच्या हॉलच्या फाटकापाशी उभी असलेली झाडून सगळी माणसं एकाच दिशेला मान वळवून, कपाळाला आठ्या घालून उभी होती; एकदोघांनी तर कानांवर हात ठेवले होते. पानानंही तेच पाहिलं असणार. माना वळल्या की तिकडे काहीतरी आहे, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. फक्त आज तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती: सगळ्यांच्या माना वळल्या, एकाची सोडून. तिनं व्हॅनकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, मग सरांच्या कानाकडे, आणि भुवया वर केल्या. सरांनी कपाळावर बोट टेकवून, विचारात होतो, असं तिला समजावलं. हात धुतले म्हणून खोटं सांगणाऱ्या पोराला आई मान हलवून दाखवते, तशी पानानं मान हलवली. मग ती आत निघून गेली आणि सर बाही चाचपत तिच्या मागून चालू लागले.

विचारात असणं हा काही गुन्हा नव्हे. सर कायमच विचारात असत, आणि त्यांच्या विचाराचा विषय बहुतेक करून दुसऱ्यांचा बावळटपणा हाच असे. विषयाला तोटा नव्हता. एरवी जिथे बॅडमिंटन खेळत त्या लांबरुंद हॉलमध्ये शाळाशाळांची टेबलं मांडली होती, प्रत्येक टेबलामागे फलक, फलकावर उगवता सूर्य, एक दातेरी चाक आणि 'उद्याचे निर्माते' असलं काहीबाही. एका रंगाचे टी-शर्ट घातलेली कार्टी आपण जगाचं भलं करतोय अशा चेहऱ्यानं इकडून तिकडे धावत होती. तयार संचातले तुकडे तयार भोकांत बसवायचे, तयार मोटार लावायची, आणि ते खेळणं चार चेंडू उचलून टोपलीत टाकायला लागलं की ह्यांचे आईबाप मोबाइल वर धरून डोळे पुसणार. कानस कशी धरतात हे ज्याला ठाऊक नाही, तो म्हणे निर्माता. व्यासपीठावर सुटाबुटातला एक माणूस माइक जवळजवळ तोंडात कोंबून बोलत होता, आणि त्याचं बोलणं छताला आपटून नुसतं घुं घुं होऊन खाली येत होतं. हल्ली कुणाला धड बोलता म्हणून येत नाही. शब्दांची शेपटं खातात, च आणि स तर गिळूनच टाकतात. बायको तशी, वर्गातली पोरं तशी, बातम्या देणारी बाई तर विचारायलाच नको. सगळं जग एकदम तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, हे सरांना विशेष वाटे.

आणि हे म्हणायचा अधिकार त्यांना नाही तर कुणाला? शाळेत येण्याआधी सर बाटल्या भरण्याच्या कारखान्यात देखभालीचे इंजिनिअर होते. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या एकमेकींवर आदळत जायच्या आणि त्या खणखणाटात शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागे. त्या गदारोळात सर डोळे मिटून उभे राहत आणि बोट करून सांगत, त्या खांबामागचं बेअरिंग चाललं, बदला. उघडून बघावं तर बेअरिंगला खरंच तडा गेलेला. मालक पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्यापाशी घेऊन यायचा आणि 'हे आमच्या कारखान्याचे कान' अशी ओळख करून द्यायचा. मग सर पाहुण्यांसमोर डोळे मिटायचे. कारखान्यानं सगळ्यांना कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ते घालून यंत्रावर उभं राहणाऱ्या माणसांबद्दल सरांना मनस्वी तिटकारा होता. डोळ्यांना फडकं बांधून स्वयंपाक करायचा त्यातलीच गत. त्यांचे स्वतःचे बोळे शेवटपर्यंत टेबलाच्या खणात पाकिटात बंद राहिले. पुढे यंत्रांना तापमान आणि थरथर मोजणारी उपकरणं लागली, लाल दिवा पेटला की कुठलाही ढ माणूस बेअरिंग बदलू लागला, आणि कारखान्याला कानांची गरज राहिली नाही. सर शाळेच्या वर्कशॉपमध्ये आले. इथे कुठलंही यंत्र चालवण्याआधी सर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या पोटाला टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत, सगळ्यांना गप्प करत, आणि मग निकाल देत. एक तर सांगत काय बिघडलंय, नाहीतर म्हणत, 'साफ.' सरांनी साफ म्हटलं की त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही, हा वर्कशॉपचा रिवाज होता.

गेल्या दोन वर्षांत वर्कशॉपमधली यंत्रं तर फारच सुधारली होती. जुनं लेथ पूर्वी चालू केलं की दात शिवशिवायचे, ते आता गुपचूप चालायचं. सरांनी त्याचं श्रेय आपण निवडलेल्या तेलाला दिलं. घरचा पंखा कुरकुरायचा थांबला. फाटकाची बिजागरी आपोआप बरी झाली. भल्या पहाटे खिडकीबाहेर कलकलाट करून झोपेचं खोबरं करणारी पाखरंसुद्धा कुठेतरी निघून गेली. एकदा सर बायकोला म्हणाले, "बरं झालं, ती पाखरांची कटकट एकदाची गेली." बायको ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो." एवढंच. पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलताना आधी दंडाला हात लावायला लागली आणि काही विचारलं तर 'काही नाही, जाऊ द्या' म्हणायला लागली. ह्या दोन्ही गोष्टींनी सरांचं डोकं फिरायचं. रविवारी मुलीचा लांबच्या गावाहून फोन यायचा. पूर्वी ती बापाशी तासभर वाद घालायची. कशावरून तरी कडकडून भांडायची आणि मग हसत सुटायची. आता तिचं बोलणं म्हणजे नुसती कुजबुज. सर दोन वेळा 'काय?' म्हणत, तिसऱ्यांदा 'बरं बरं' म्हणत आणि फोन बायकोकडे देत. पोरगी नोकरीला लागली आणि शिष्ट झाली, तोंड उघडून बोलायचीसुद्धा हिला लाज वाटते, असं त्यांचं मत झालं होतं. एकदा फोन ठेवल्यावर बायको मोठ्यानं म्हणाली, "ती विचारत होती, बाबा माझ्यावर रागावलेत का म्हणून." सरांना हे मात्र नीट ऐकू आलं. त्या रात्री त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि सकाळी उठून त्यांनी त्या वाईट वाटण्याचा राग बायकोवर काढला होता.

टीममध्ये बहिरी मुलं घ्यायची ही टूम मुख्याध्यापिकांची. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. गावातली बहिऱ्या मुलांची शाळा बंद पडली, तिथली मुलं ह्या शाळेत आली, आणि मोठ्या बाईंना जन्माचं काम मिळालं. 'सामावून घेणं' हा शब्द त्या इतक्या वेळा वापरत की सरांना तो ऐकला की जांभई येई. तीन बहिरी मुलं, बाकी ऐकणारी, सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले, असा फोटो काढून त्यांनी तो ऑफिसबाहेर टांगला होता. सरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, "यंत्र ऐकावं लागतं, बाई." मोठ्या बाई हसल्या होत्या. त्यांचं हसणं हा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपबशांचा संच होता; तो कधीही काढता येई आणि त्यात घरचं कुणी चहा पीत नसे. पुढे सरांच्या लक्षात आलं की बहिरेपणानं माणूस शहाणा होतो असंही काही नाही. तिघांपैकी दोन मुलगे इतरांइतकेच आळशी आणि इतरांइतकेच मोबाइलमध्ये तोंड खुपसणारे निघाले, आणि सरांनी त्यांना इतरांइतकंच कमी लेखलं. पाना मात्र वेगळी होती. ती उद्धट होती. दुसऱ्याच्या हातातलं हत्यार न विचारता ओढून घ्यायची. कॅप्टननं, म्हणजे टीमच्या त्या चटपटीत, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणाऱ्या नायकानं, एखादा जोड बसवला की ती तो उघडून बघायची आणि कुजका वास आल्यासारखं नाक दाबून धरायची. एकदा ती मैत्रिणीशी हातवारे करत असताना सरांनी पाहिलं की त्यांच्याकडे बघून बघून ती बोटाच्या टोकानं स्वतःचं नाक वर ढकलते. त्यांनी दुभाषी बाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या लाजल्या आणि म्हणाल्या, "ती तुमच्या नावाची खूण आहे, सर." मुलांसोबत त्या बंद पडलेल्या शाळेतून आलेल्या ह्या दुभाषी बाई दुसऱ्यांची वाक्यं वाहून वाहून इतक्या दमलेल्या असत की त्यांचं स्वतःचं वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. सर 'असं का' म्हणाले, आणि वर्कशॉपमध्ये जाऊन, दार लावून, एकटेच हसले. अख्ख्या शाळेत आपल्याला नीट ओळखणारं एक माणूस आहे, असं त्यांना वाटलं होतं.

आता तेच माणूस टेबलापाशी उभं राहून रोबोच्या पोटाला तळहात लावत होतं. फेरीआधीची तपासणी चालू होती. रोबो उताणा टेकणीवर ठेवलेला, चाकं हवेत फिरत होती, डावीकडे एक गिअरबॉक्स, उजवीकडे एक. दोन्ही पानानंच बांधलेले. उजव्याला हात लावून तिनं तो सोडून दिला. डाव्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, हात उचलला, परत ठेवला. मग एका हाताची नखं दुसऱ्या तळव्यावरून खरडून दाखवली. दुभाषी बाई म्हणाल्या, "ती म्हणते, डावी बाजू खरखरतेय. उघडून बघायला पाहिजे." कॅप्टननं घड्याळाकडे पाहिलं. पाना सरांकडे पाहत होती. रोजचं पाहणं नव्हतं ते. सकाळपासून ती असंच पाहत होती, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, एखादा जोड कुठे ढिला आहे ते शोधावं तसं. सरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक डाव्या गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानामागे लावली. टेबलाभोवतीची पोरं गप्प झाली. सरांना मोटारीची घरघर ऐकू आली, जाड, गोल, जशी यायला हवी तशी. खरखर नव्हती. सुधारलेल्या सगळ्या यंत्रांमध्ये होता तसलाच हाही आवाज होता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर कॅप्टनचा चेहरा होता, आणि त्या गुळगुळीत कपाळावर, अगदी क्षणभर, एक आठी उमटलेली होती. काहीतरी कानाला टोचल्यावर उमटते तशी. सरांनी ती पाहिली. दोन वर्षांत त्यांना चेहरे वाचायची फार चांगली सवय लागली होती, जरी त्या सवयीला त्यांनी अजून नाव दिलेलं नव्हतं. "तुला काय ऐकू येतंय रे?" त्यांनी विचारलं. कॅप्टननं सरांच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काय लिहिलंय ते वाचलं आणि म्हणाला, "साफ वाटतंय, सर." ह्या लाळघोट्या पोराला खरखर ऐकू येते आहे, हे सरांना त्याच क्षणी कळलं. गिअरबॉक्स उघडायला कितीसा वेळ लागणार होता? चार स्क्रू. पण उघडलं आणि आत काही निघालं, तर सकाळी फाटकापाशी पानाच्या भुवया ज्या प्रश्नासाठी वर गेल्या होत्या त्याचं उत्तर सगळ्यांसमोर टेबलावर येऊन पडणार होतं. मोठ्या बाईंनी संगणकाचे नवे सर केव्हाचे हेरून ठेवले होते. वर्कशॉपची किल्ली त्यांच्या हातात द्यायला बाईंना निमित्तच हवं होतं. "साफ," सर म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. पानानं हात झटकले आणि ती टेबलापासून दूर जाऊन उभी राहिली.

फेरीसाठी सर रांगेत उभे होते. आपण काय केलं ते त्यांना माहीत होतं, आणि माहीत असूनही त्यांचं मन दुसऱ्यांच्या चुका काढत सुटलं होतं. पुढच्या शाळेच्या रोबोची तार लोंबकळत होती, मूर्ख. मागच्या शाळेचा शिक्षक मुलांबरोबर सेल्फी काढत होता, महामूर्ख. कारखान्यात एक म्हातारा फिटर होता, तो बाटल्यांच्या पट्ट्यावर उभा राहून राहून ठार बहिरा झाला होता आणि लोक त्याच्यासमोर त्याच्याचबद्दल वाटेल ते बोलत; तो आपला हसत मान डोलवत राही. सरांना त्याच्या त्या डोलणाऱ्या मानेची शिसारी यायची. माणसानं एवढं लाचार व्हावं? ऐकू येत नाही तर सांगावं, नाहीतर गप्प राहावं, मान काय डोलवायची? आणि आता सूटवाल्या माणसानं रांगेशी येऊन त्यांना काहीतरी विचारलं. काय ते देव जाणे. सरांनी हसून मान डोलवली. तो माणूस चक्रावून बघत राहिला, कारण त्यानं टीमचा क्रमांक विचारला होता. कॅप्टननं पुढे होऊन तो सांगितला. सरांच्या मानेला तेवढ्यात कळ लागल्यासारखं झालं. ते मैदानाकडे, म्हणजे त्या चौकोनी फळकुटांच्या कुंपणाकडे, पाहू लागले.

रोबो सुटला तो झोकात सुटला. बहिऱ्या मुलांपैकी एक रिमोट चालवत होता आणि बरा चालवत होता. एक चेंडू उचलला, टोपलीत टाकला. दुसरा उचलला. मग उतारावर चढताना डावी बाजू थबकली, एकदा, दोनदा, आणि गप्प झाली. उजवी चालूच राहिली. त्यामुळे रोबो स्वतःभोवती फिरायला लागला. चेंडू तोंडात धरून, अगदी मन लावून, तो गोल गोल फिरत राहिला. प्रेक्षकांत हसू फुटलं. सरांना ते ऐकू आलं नाही, दात दिसले. मग सूटवाल्या माणसाला आपलं कर्तव्य आठवलं. त्यानं सकाळीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की बहिऱ्या मुलांसाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. त्यानं स्वतः हात वर केले, आणि बघता बघता अख्ख्या हॉलनं हात वर केले. आंघोळीनंतर टॉवेल सापडेना अशी सगळी माणसं, ओले हात झटकत असल्यासारखी उभी, चेहऱ्यांवर ओसंडणारी माया, आणि मध्ये गरगर फिरणारं ते खेळणं. हरलेल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेसाठी कुणी बोटही हलवलं नव्हतं. पाना कुंपणाला टेकून उभी होती. तिनं त्या हलणाऱ्या पंजांकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. तो सगळा मूर्खांचा बाजार बघून सरांच्या तोंडाला कडू चव आली, आणि त्या बाजारात सर्वांत मोठं दुकान आपलं आहे हेही त्यांना कळत होतं.

दुपारी दुसरी फेरी होती. तिच्यात कुणाचे हात यंत्रावर असणार हे ठरवायला मोठ्या बाईंनी सरांना व्यासपीठामागच्या खोलीत नेलं. जाळ्या आणि मोडक्या रॅकेटी ठेवायची ती खोली. टेबलावर रोबो, त्याच्याशेजारी उघडलेला डावा गिअरबॉक्स. मधल्या चाकाचे दोन दात साफ तुटून आत पडले होते आणि बाकीच्यांची धार गेली होती; बिघाड आजचा नव्हता, दोन दिवस तरी तो ओरडत असणार. मोठ्या बाई, कॅप्टन, दुभाषी बाई, पाना आणि सर, एवढेच आत होते.

"डावा बॉक्स पूर्ण तिनंच बांधला होता, मॅडम," कॅप्टन म्हणाला. "आम्ही कुणी हात लावला नाही."

"अरे, पण तिचा काय दोष?" मोठ्या बाईंनी कपबशा बाहेर काढल्या. "बिचारीला ऐकूच येत नाही तर बिघडलेलं कळणार कसं? चूक आपली. आपण तिला तिथे उभं करायलाच नको होतं." मग त्या दुभाषी बाईंकडे वळल्या. "बाई, तिला सांगा, कुणी रागावलेलं नाही. आता गिअरबॉक्स ऐकू येणारं कुणीतरी बघेल. तिनं फलक रंगवावेत. अक्षर किती सुरेख आहे तिचं!"

सरांना ह्यातलं अर्धं ऐकू आलं. उरलेलं अर्धं त्यांना दुभाषी बाईंच्या हवेत कुंचला फिरवणाऱ्या हातावरून आणि पानाच्या चेहऱ्यावरून कळलं. पानाचे हात भराभर चालू लागले, इतके जोरात की एक हात टेबलावर आपटला. दुभाषी बाई खाली मान घालून म्हणाल्या, "ती म्हणते, मी सांगितलं होतं. डावी बाजू खरखरतेय म्हणून सांगितलं होतं. सरांनी कान लावला आणि साफ म्हणाले. सरांना विचारा."

"असं झालं का, सर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

उत्तर तयार होतं. तेव्हा आवाज साफच होता, नंतर बिघडलं असेल. ह्यापुढे कुणीही काहीही सिद्ध करू शकलं नसतं. कॅप्टननं तर वाक्य संपण्याआधीच मान हलवली असती. तो त्यासाठी मान सैल करूनच उभा होता. मोठ्या बाई सुटकेचा श्वास सोडून फलकाच्या रंगांबद्दल बोलू लागल्या असत्या. किल्ली सरांच्या खिशात राहिली असती, आणि पानाच्या हातातला पाना जाऊन तिथे कुंचला आला असता. सरांनी पानाकडे पाहिलं. ती गयावया करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कानस चुकीची धरणाऱ्या पोराकडे सर ज्या नजरेनं पाहत त्याच नजरेनं ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि ती नजर समोरून कशी दिसते हे सरांना आज पहिल्यांदा कळत होतं. तीही त्यांनी सोसली असती. पण एका बाजूला ती एकटी आणि दुसऱ्या बाजूला कपबशांचं हसू, लाळघोटं पोर आणि आपण, असं ते चित्र त्यांना एकदम दिसलं. ह्या लोकांच्या रांगेत उभं राहायचं? दया वगैरे काही नव्हतं त्यात. पराकोटीचा तिटकारा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो काही कामाला आला.

"मला ऐकू आलं नाही," सर म्हणाले.

"हो ना, बाहेर गोंगाट केवढा होता!" मोठ्या बाईंनी लगेच वाट काढून दिली.

"गोंगाटाचा काही संबंध नाही. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, जास्तच असेल." आवाज किती मोठा लागला होता ते त्यांना कळलं नाही, कॅप्टन दचकला त्यावरून मोठा असावा. "ह्या गाढवाला आलं होतं ऐकू. पण ह्याचे कान माझ्या तोंडाला बांधलेले. तिनं सांगितलं ते बरोबर होतं आणि मी तिला खोटं पाडलं. यंत्रावर कुणाचे हात ठेवायचे असतील तर तिचे ठेवा. कुंचला द्यायचाच असला तर ह्याला द्या."

खोलीत शांतता झाली असावी. सर आरडाओरड्याची वाट पाहत होते. आरडाओरडा त्यांना चालला असता, भांडायला त्यांची जीभ शिवशिवत होती. पण मोठ्या बाईंचा चेहरा हळूहळू मऊ पडत गेला. त्या जवळ आल्या, त्यांनी सरांच्या दंडावर हात ठेवला आणि तोंड भलंमोठं उघडून, एकेक अक्षर वेगळं काढून म्हणाल्या, "स... र... का... ही... ह... र... क... त... ना... ही." सरांना त्यांच्या दाढेतली चांदी दिसली. एवढं एकच वाक्य बोलून त्या दमल्या. मग दुभाषी बाईंकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगा त्यांना," आणि पुढे बराच वेळ काहीतरी बोलल्या, सरांकडे न बघता, सरांबद्दल.

दुभाषी बाईंचे हात सवयीनं वर आले आणि अर्ध्यावर थांबले. सरांना खुणा येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि वळून त्यांनी ते सगळं पानाला सांगितलं. कॅप्टन बुटांकडे बघत होता. मोठ्या बाई हसत होत्या. तिघांनाही ते वाक्य माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीही ते सरांना सांगणार नव्हतं. अखेर पानानं सरांच्या दंडाला टोचलं. तिनं त्यांच्याकडे बोट केलं, मग रोबोकडे, आणि दोन्ही हात झटकून टाकले: संपलं. मग दहा बोटांनी हवेत टाइप केलं, म्हणजे संगणकाचे नवे सर, आणि आता ते ह्या टेबलापाशी उभे राहणार असं हातानं दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तुटक्या गिअरबॉक्सवर पंजा टेकवला: मी इथेच. हे सांगताना तिनं चेहरा मऊ केला नाही, हात सावकाश हलवले नाहीत, सरांना हुंदका येतो की काय म्हणून थांबलीही नाही. सकाळपासून इतकी माणसं सरांशी इतकं बोलली होती, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण कळलेलं वाक्य हे एकच, आणि त्या वाक्यात त्यांचं काम गेलं होतं.